बधिरत्व आणि परिचर्येची पात्रता

माझी आत्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आया होती. लहानपणी कान वाहून वाहून तिचे दोन्ही कान गेले. ओठांकडे बघून ती समोरच्याचे बोलणे ओळखायची. बावीस वर्षे तिने बेडपॅन उचलले, रक्ताने भिजलेल्या चादरी बदलल्या, बाळंतिणींना आधार देऊन बसवले, रात्री-अपरात्री डॉक्टरांना उठवून आणले. या बावीस वर्षांत तिला ऐकू येते की नाही याचा दाखला कोणी मागितला नाही. मात्र आमच्या महाविद्यालयातून बारावी शास्त्र झालेली एक विद्यार्थिनी नर्सिंगच्या प्रवेशासाठी गेली, तेव्हा पहिली विचारणा झाली ती कानाची. "ऐकू येत नाही, तर नाडी कशी बघशील?" तिने सांगितले, "मॅडम, नाडी बोटांनी बघतात." उत्तर बरोबर होते. प्रवेश मिळाला नाही.

एकाच वॉर्डात, त्याच रुग्णाच्या उशाशी, घाण उचलणाऱ्या बाईचे बधिरत्व कोणाला दिसत नाही. आणि तिच्याच घरातली पुढची पिढी एक पायरी वर चढू लागली की तेच बधिरत्व रुग्णाच्या जिवाला धोका ठरते. हे कसे घडते, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या बाईंनी याच प्रश्नावर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. त्यांना श्रवणयंत्र लावूनही बोलणे समजण्यासाठी ओठवाचनावर अवलंबून राहावे लागे. खालच्या दर्जाच्या परिचारिकेचा, म्हणजे 'प्रॅक्टिकल नर्स'चा परवाना त्यांच्याजवळ होता. त्यांना पूर्ण नोंदणीकृत परिचारिका व्हायचे होते. साउथईस्टर्न कम्युनिटी कॉलेजने त्यांना नाकारले. कारण असे की, शस्त्रक्रियागृहात आणि अतिदक्षता विभागात सारेजण तोंडाला मास्क बांधतात, तेथे ओठ दिसणार कसे? अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा १९७३ चा कायदा त्यांच्या बाजूला होता. मधल्या अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी मानलेही. परंतु ११ जून १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कॉलेजच्या बाजूने निकाल दिला. अपंगत्व असूनही जो सर्व अटी पुऱ्या करतो तोच पात्र, आणि अभ्यासक्रमात मूलभूत बदल करण्याची सक्ती कॉलेजवर करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. अटी कोणी आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून घातल्या, हा प्रश्न तसाच राहिला.

आता मुळात परिचारिकेचे काम काय, ते पाहू. नाडी बोटांनी, ताप तापमापकाने, कातडीचा रंग, सूज, घामाची चिकट ओल, जखमेचा वास, सलाईनचे थेंब हे सारे डोळा, हात आणि नाक यांचे काम आहे. रक्तदाब पूर्वी स्टेथोस्कोप लावून ऐकावा लागे. आता यंत्र आकडे दाखवते. आवाज वाढवणारे स्टेथोस्कोप मिळतात, आणि काही तर हृदयाच्या ठोक्यांची रेघ पडद्यावर काढतात. मॉनिटर नुसता वाजत नाही, त्यावर दिवा लागतो आणि रेघही बदलते. रुग्णाच्या घंटीला दाराबाहेर दिवा जोडणे हे तर साध्या वायरमनचे काम आहे.

अडचणी नाहीतच, असे मी म्हणणार नाही. ओठवाचन ही फसवी गोष्ट आहे. प, ब, भ, म ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात. 'पाय' आणि 'माय' आत्याला कधीच वेगळे दिसले नाहीत. पुढच्या-मागच्या शब्दांवरून ती अंदाज बांधायची. औषधाच्या नावात असा अंदाज चालत नाही. धावपळीत डॉक्टर पाठमोरे उभे राहून तोंडी हुकूम देतात, तेव्हा बधिर परिचारिकेची खरीच कोंडी होते. परंतु तोंडी हुकूम लिहून घ्यावा आणि परत वाचून दाखवावा, ही शिस्त ऐकू येणाऱ्यांसाठीही आहेच. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, सगळ्यांच्याच तोंडावर मास्क आले आणि आरपार दिसणारे मास्कही वापरात आले. डेव्हिसबाईंना ज्या कारणाने नाकारले, त्याला तेव्हा उत्तर मिळाले. अमेरिकेत १९९० साली अधिक व्यापक कायदा झाला, आणि आज तेथे बधिर परिचारिका काम करीत आहेत.

आपल्याकडे 'मूकबधिर' हा शब्द एका दमात उच्चारतात. माझी विद्यार्थिनी स्पष्ट बोलते, तरी तिच्या कागदावर एका कारकुनाने तोच शब्द लिहिला. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाला 'मूकनायक' हे नाव दिले, तेव्हा ते मूक लोकही काही गळ्याने मुके नव्हते.

२०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवतो. दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणहानी असणाऱ्याला तो बधिर म्हणतो आणि त्याचा हक्क मानतो. पण भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. नियमावलीत त्या ५ टक्के जागा ठेवल्या गेल्या पायाचे ४० ते ५० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी. ज्या कामात दिवसभर उभे राहावे लागते तेथे पाय चालतो, कान चालत नाही! यामागचा तर्क मला अजून उमगलेला नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. पहिला महाराष्ट्रातील ओंकार गोंड यांच्या प्रकरणात. वाचा व भाषा यांचे ४४ ते ४५ टक्के अपंगत्व असलेल्या या विद्यार्थ्याला केवळ टक्केवारीवरून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही हे मंडळाने तपासले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. दुसरा ओम राठोड यांच्या प्रकरणातला. त्यातही शरीराच्या टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष कार्यक्षमतेवर भर आहे. दोन्ही निकाल एम.बी.बी.एस.बाबतचे आहेत. परिचर्येच्या दारावर ते नेऊन ठोठावण्याचे काम बाकी आहे.

त्याच आधारावर मी आणि त्या मुलीने मिळून अर्ज लिहिला आहे. तिने तो तीनदा परत लिहायला लावला; माझ्या भाषेत विनवणी फार होते, असे तिचे म्हणणे पडले. पुढच्या महिन्यात तिला बोलावले आहे. "सर, तुम्ही बरोबर याच," असे ती म्हणाली. "साहेब लोक मान खाली घालून, लिहितालिहिता बोलतात. तेव्हा ओठ दिसत नाहीत."