ना उशी, ना दुलई

एडिसन (न्यू जर्सी) : लेकीच्या बाळंतपणासाठी विदर्भातून अमेरिकेत येणाऱ्या आईच्या बॅगेत काय असते, हे इथल्या मराठी घरांना पाठ झाले आहे. अळीव, डिंक, बाळंतशोपा, जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी, दुपट्यांची चळत आणि बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरी भरलेली इवलीशी उशी. खाण्याच्या जिनसा बाळंतिणीपर्यंत पोचतात. गोधडी मात्र गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधची असो की दादरची, पाळण्यापाशी येऊन अडते. दवाखान्यातून घरी सोडताना नर्स जी पत्रके देते, त्यांत चित्रच काढलेले असते : सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि उताणे निजलेले बाळ. बाकी काही नाही, कापडाची बाहुलीसुद्धा नाही.

ज्या देशात पाहुण्याच्या पलंगावरही चार-चार उशा रचतात, तिथे लेकराच्या वाट्याला उघडी गादी का, हा आजीचा प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र लांबलचक आहे, आणि त्यातून पाळण्यापेक्षा अमेरिकाच जास्त कळते.

इथल्या पाळण्याला क्रिब म्हणतात. तो झुलत नाही. चार पायांवरचा, चारी बाजूंनी लाकडी गजांचा, खाली गादीसाठी चौकट असलेला छोटा पलंगच तो. आतली जागा साधारण 71 सेंटीमीटर रुंद आणि 133 सेंटीमीटर लांब. कंपनी कोणतीही असो, मोठ्या क्रिबचे हे माप बदलत नाही, कारण ते नियमात लिहिलेले आहे. त्यामुळे एका कंपनीची गादी दुसऱ्या कंपनीच्या चौकटीत फट न राहता बसते. दोन गजांमधले अंतर 2⅜ इंचांहून, म्हणजे सहा सेंटीमीटरहून जास्त चालत नाही. ही अट 1973 ची. त्याआधीच्या पाळण्यांत गज विरळ असत. बाळ सरकत सरकत कडेला येई, पाय आणि धड फटीतून बाहेर जाई आणि डोके आत अडके.

हा नियम करणारी यंत्रणा म्हणजे ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोग. 1972 च्या कायद्याने स्थापन झालेला हा आयोग केंद्र सरकारचा आहे. त्याला दंड करता येतो, माल परत घ्यायला लावता येतो. पण अमेरिकेत सरकारने उद्योगाच्या वाटेत फार येऊ नये, असे मानणारे बरेच. त्यामुळे कितीतरी वर्षे पाळण्यांचे बरेचसे नियम ऐच्छिक राहिले, म्हणजे कारखानदारांनी एकत्र बसून स्वतःसाठीच ठरवलेले. इथे अपघात आधी होतो, मग खटला चालतो, वर्तमानपत्रे ओरडतात आणि कायदा सगळ्यांत शेवटी येतो.

खाली सरकणाऱ्या कठड्याची गोष्ट अशीच घडली. क्रिबची एक बाजू कळ दाबून खाली करता यावी, ही सोय अनेक दशके घरोघर होती. बुटक्या आईला वाकावे लागत नसे, झोपलेले बाळ अलगद आत ठेवता येई. पुढे लोखंडी खिट्ट्या जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या. त्यातून इथे मजुरी महाग. दुकानातून खोक्यात सुटे भाग येतात आणि बाळाचे बाबा रात्री जमिनीवर बसून एलन की घेऊन ते जोडतात. खिट्टी तुटली किंवा कठडा उलटा बसला की एका कोपऱ्यात फट पडते. त्या फटीत बाळाची मान अडकून 2000 सालापासूनच्या दशकात निदान 32 मुले दगावली. 2009 च्या नोव्हेंबरात स्टॉर्क क्राफ्ट या एकाच कंपनीचे एकवीस लाखांवर पाळणे परत मागवले गेले. डिसेंबर 2010 मध्ये आयोगाने एकमताने नवा नियम केला आणि 28 जून 2011 पासून सरकत्या कठड्याचा पाळणा बनवणे आणि विकणे बंद झाले. जुना पाळणा अंगणात मांडून विकणेही बेकायदा ठरले, आणि दान करणेही.

आपल्याकडे मामाच्या घरचा पाळणा तीन पिढ्या फिरतो आणि त्याचे कौतुक होते. इथल्या मराठी मंडळींतही एकाच्या मुलाचे सामान दुसऱ्याच्या घरी जाते, ते चांगलेच आहे. झबली घ्यावीत, खेळणी घ्यावीत. पाळणा घेताना मात्र तळाच्या फळीवर चिकटवलेला उत्पादनाचा महिना आणि साल वाचावे, आणि तो जून 2011 च्या आधीचा असेल तर भिडेखातर घेऊ नये.

पाळण्यांच्या या सक्तीच्या नियमांमागे एका मुलाचे नाव आहे. डॅनी कायसर. त्याचे आईवडील शिकागो विद्यापीठात प्राध्यापक. मे 1998 मध्ये, दीड वर्षाचाही नसताना, तो पाळणाघरात दुपारी झोपला होता. घडीच्या पाळण्याचा वरचा दांडा मधोमध मोडून इंग्रजी व्हीसारखा खाली आला आणि त्यात त्याची मान अडकली. पाळणाघर परवानाधारक होते. पाळणा नामांकित छापाचा होता. आणि तो पाच वर्षांपूर्वी, 1993 मध्येच, बाजारातून परत मागवलेला होता. त्या पाळण्याने घेतलेला डॅनी हा पाचवा बळी. परत मागवल्याची बातमी पाळणाघर चालवणाऱ्या बाईंपर्यंत पोचलीच नव्हती. आईवडिलांनी ‘किड्स इन डेंजर’ ही संस्था काढली. इलिनॉय राज्याने 1999 मध्ये कायदा केला आणि 2008 मध्ये केंद्राच्या कायद्यातला एक भाग डॅनीच्याच नावाने मंजूर झाला. बाळाच्या टिकाऊ वस्तूंच्या चाचण्या तेव्हापासून सक्तीच्या झाल्या आणि प्रत्येक पाळण्याबरोबर टपालखर्च भरलेले नोंदणीचे कार्ड देणे बंधनकारक ठरले. ते भरून पाठवले की पुढे दोष निघाल्यास कंपनी थेट घरी कळवते. पुष्कळ घरांत हे कार्ड खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. मुलाच्या नावाने झालेल्या कायद्याची एवढी उपेक्षा बरी नव्हे.

कायदा झाला म्हणून सगळे आलबेल झाले, असेही नाही. फिशर-प्राइस कंपनीचा तिरका झुलता बिछाना 2009 पासून दुकानांत होता. त्यात बाळ पटकन झोपे, त्यामुळे थकलेले पालक त्याच्यावर खूश. पण तिरप्या बिछान्यात हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्याची श्वासनलिका दबते. शिवाय बाळ कुशीवर वळले की नाक कापडात. मृत्यू नोंदवले जात होते, तरी गिऱ्हाइकाला पत्ता नव्हता. कारण उत्पादकाला आधी कळवल्याशिवाय आयोगाने त्याचे नाव घेऊन माहिती जाहीर करायची नाही, असे कलमच कायद्यात आहे. अखेर आयोगाकडून चुकून काही आकडेवारी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या मासिकाच्या हाती गेली आणि एप्रिल 2019 मध्ये सुमारे 47 लाख बिछाने परत मागवावे लागले. 16 मे 2022 ला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सही केलेल्या कायद्याने दहा अंशांहून जास्त तिरके बिछाने बंद झाले. त्याच कायद्याने गजांना आतून बांधायच्या गुबगुबीत कापडी पट्ट्याही गेल्या. दिसायला त्या फार गोंडस. पण बाळ त्यांत तोंड खुपसते आणि थोडे मोठे झाले की त्यांवर पाय देऊन चढते.

उताणे निजवण्याच्या बाबतीत मात्र अमेरिकेला आजीपुढे मान खाली घालावी लागेल. आपल्याकडे तान्हे बाळ उताणेच निजवत आले. इथे मात्र 1950 च्या दशकापासून डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकासह पुष्कळ तज्ज्ञ पालथे निजवा म्हणून सांगत होते. 1992 मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तो सल्ला फिरवला, 1994 मध्ये देशभर मोहीम निघाली आणि झोपेत अचानक होणारे मृत्यू निम्म्याहून खाली आले. 1990 मध्ये लाख जन्मांमागे सुमारे 130 होते, ते 2020 मध्ये 38 च्या आसपास. यातली थोडी घट मृत्यूच्या कारणाची नोंद बदलल्यामुळेही आहे; तरी बाळाची कूस बदलून एवढी माणसे वाचावीत, ही साधी गोष्ट नाही.

मोहरीच्या उशीवर आजी हरते. डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, असे इथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर बजावले. सतत उताणे निजून डोके मागून चपटे होते, हे आजीचे निरीक्षण खरे आहे. डॉक्टरही ते मानतात. त्यांचा उपाय असा, की बाळ जागे असताना, कुणी समोर बसलेले असताना, त्याला रोज थोडा वेळ पालथे घालावे. तेलमालिश करताना आजी ते करतेच.

तेव्हा अमेरिकेत पाळणा घेताना मराठी घराने पाहायचे काय? मोठी क्रिब ठेवायला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात जागा नसते, आणि अकादमीचे म्हणणे असे की बाळ निदान सहा महिने आईवडिलांच्या खोलीतच, पण स्वतःच्या अंथरुणावर झोपावे. अशा घराला साधारण 61 बाय 97 सेंटीमीटरची छोटी क्रिब किंवा घडीचा पाळणा पुरतो. किमतीशी सुरक्षिततेचा संबंध नाही. विकायला ठेवलेल्या स्वस्तातल्या पाळण्यालाही त्याच चाचण्या लागू आहेत. जास्तीचे पैसे जातात ते कोरीवकामाला आणि रंगाला.

घडीच्या पाळण्याची गादी इतकी पातळ आणि टणक असते की घरचे मोठे माणूस हमखास तिच्यावर गोधडी घालायला जाते. तेवढे मात्र करू नये. वरचा थर सरकतो, जाळीची भिंत आणि गादी यांच्यामध्ये खळगा तयार होतो आणि बाळ त्यात तोंड घालून अडकते. सोबत आली तीच गादी वापरावी. साध्या क्रिबमध्ये गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटे शिरली तर गादी चुकीची समजावी. बाळ बसू लागले की गादी एक टप्पा खाली, उभे राहू लागले की अगदी तळाला. ठेंगण्या आजीला मग बाळ उचलताना त्रास होतो. तिच्यासाठी भक्कम पायरी ठेवावी, गादी वर चढवू नये. मूल 90 सेंटीमीटरच्या आसपास उंच झाले, की पाळण्याचे काम संपले. थंडीची काळजी असेल तर पांघरुणाऐवजी झोपायची बिनबाह्यांची पिशवी मिळते, ती अंगात घालावी.

आता गोधडी जिथून निघते त्या नवेगाव बांधचे. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या तिथल्या तलावाच्या खाली धानाची शेती आहे आणि भोवती राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. रोवणीच्या दिवसांत बाया चिखलात उतरतात तेव्हा बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी टांगलेली असते. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्याने तिथली जमीन पाहिलेली नसते. खाली मुंग्या, विंचू आणि साप असतात. मण्यार तर बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते. ज्या धोक्यातून झोळी जन्मली, तो एडिसनमध्ये नाहीच.

पण झोळीचेही धोके आहेत आणि ते अमेरिकेतल्या तिरक्या बिछान्याच्या जातीचे आहेत. कापडाच्या खोलगटात बाळाची मान दुमडते आणि हनुवटी छातीला लागते. जरा मोठे मूल झोळीला पीळ घालून खेळते आणि तो पीळ गळ्याशी येतो. आपल्याकडच्या न्यायवैद्यक नियतकालिकांत अशा मृत्यूंची नोंद आहे. म्हणून झोळी दिवसा, कुणाची नजर असताना, आणि बाळ कुशीवर वळू लागेपर्यंतच. रात्री झोळी नको. एका खाटेवर आईजवळ बाळ झोपते, ते अमेरिकेचे पत्रक वाचून बदलणार नाही, आणि घरात दुसरी जागा नसेल तर त्यावरून आईला बोलही लावू नये. पण जिथे विडीचा धूर आहे, किंवा दारू पिऊन झोपणारा माणूस त्याच खाटेवर आहे, तिथे बाळ नको. हा धोका दोन्ही देशांत सारखाच. मच्छरदाणीही चारी बाजूंनी ताणून गादीखाली खोचावी, बाळाच्या अंगावर लोंबू देऊ नये.

गोंदिया जिल्ह्यात सुतार आहेत, सागवान आहे. बाळासाठी पलंग-पाळणा करून घेणे अवघड नाही, फक्त सुताराला डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. गजांमधले अंतर सहा सेंटीमीटरच्या आत ठेवायला सांगा. कठडे चारी बाजूंनी पक्के, सरकणारे नकोत. गादीच्या फळीपासून कठड्याच्या वरच्या काठापर्यंत निदान 66 सेंटीमीटर उंची हवी. कोपऱ्यांवर कळस किंवा मोर नकोत, त्यांत झबल्याचा गळा अडकतो. रंग द्यायचाच तर डबा बघून घ्या : घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग, असा नियम आपल्या देशातही 2017 पासून लागू आहे. आणि पाळणा घरी आला की आत गादी घालण्याआधी कठड्याला धरून एकदा जोरात हलवून पाहा. कुरकुरला तर सुताराकडे परत पाठवा.