युझित्सेचा राखणदार

फुटबॉलचा सामना पाहून घरी परतलेल्या माणसाला घरची मंडळी पहिला प्रश्न कोणता विचारतात? "गोल कोणी केला?" गोल कोणी होऊ दिला नाही, हे कोणीच विचारीत नाही. आपल्या क्रिकेटमध्ये तरी वेगळे काय आहे? शतकवीराच्या गळ्यात हार पडतात आणि दिवसभर उकिडवे बसून यष्टी राखणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात अगदी तळाशी शोधावे लागते. घरातही तोच न्याय! रात्री दाराची कडी कोणी लावली, याची चौकशी फक्त चोरी झाल्यावरच होते.

अशाच एका कडी लावणाऱ्याची ही हकीकत आहे. त्याचे नाव नेमान्या विदिच. गाव युझित्से. देश कोणता, हे मात्र एका शब्दात सांगणे कठीण आहे. आणि तेच या कहाणीतले पहिले नवल.

एक घर, चार देश

युगोस्लाव्हिया हे नाव आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलशौकिनांच्या चांगलेच लक्षात राहिले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये याच देशाने आपल्या संघाचा दहा विरुद्ध एक असा फडशा पाडला. पुढे चारच वर्षांनी, १९५६ मध्ये मेलबर्नला उपान्त्य सामन्यात पुन्हा गाठ पडली. मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने पहिला गोल करून भारताला आघाडीही मिळवून दिली होती. परंतु अखेरीस चार विरुद्ध एक अशी हार पदरी आलीच. असा हा बलाढ्य फुटबॉलचा देश पुढे नकाशावरून पुसला गेला.

विदिचचा जन्म २१ ऑक्टोबर १९८१ चा. पश्चिम सर्बियातल्या डोंगरांत, जेतिन्या नदीच्या काठी वसलेले त्याचे गाव त्या वेळी मार्शल टिटोंच्या नावाने 'तितोवो युझित्से' म्हणून ओळखले जाई. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, टिटोंच्या सैनिकांनी जर्मनांच्या तावडीतून हे गाव सोडवून तेथे काही आठवडे स्वतःचे राज्य चालविले होते, त्याची ही आठवण. वडील तांब्याच्या कारखान्यात कामाला, आई बँकेत. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच महिन्याच्या पगारावर चालणारे घर. सातव्या वर्षी नेमान्या आपल्या भावाबरोबर गावातल्या एका लहान संघात चेंडू लाथाडू लागला. मग गावातलाच मोठा संघ स्लोबोदा, आणि मिसरूड फुटण्याच्या सुमारास थेट बेलग्रेडचा रेड स्टार! १९९१ मध्ये युरोपचा चषक जिंकणारा हा संघ. सर्बियातल्या पोराला याहून मोठे स्वप्न पडत नाही.

पण तो लहानाचा मोठा होत होता ती वर्षे मोठी कठीण होती. देश फुटला, युद्धे झाली. गावाच्या नावातून टिटो गेले. सर्बिया आणि माँटेनेग्रो एवढ्या दोघांचाच युगोस्लाव्हिया उरला. १९९९ च्या मार्चमध्ये नाटोच्या विमानांनी बॉम्बफेक सुरू केली, ती ७८ दिवस चालली. फुटबॉलची साखळी अर्ध्यावरच थांबवावी लागली. विदिच तेव्हा सतरा वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाच्या मुलाला परीक्षेची धास्ती असते. तेथे भोंग्याची होती.

२००२ च्या ऑक्टोबरात तो इटलीविरुद्ध पहिल्यांदा देशासाठी उतरला, तेव्हा अंगातल्या सदऱ्यावर युगोस्लाव्हियाचा मान होता. पुढल्याच वर्षी देशाचे नाव झाले 'सर्बिया आणि माँटेनेग्रो'. २००६ मध्ये ते नावही गेले आणि उरला नुसता सर्बिया. घर जागचे हलले नाही. परंतु पंचवीस वर्षांच्या आत त्या घराने चार देश पाहिले! खेळाडू म्हणून विदिच त्यांतल्या तीन नावांखाली खेळला.

दोन भावांची जोडी

एक हंगाम सुबोतित्साच्या स्पार्टाकला उसना जाऊन तो रेड स्टारमध्ये परतला, कप्तान झाला आणि २००३-०४ मध्ये त्याने साखळी आणि चषक दोन्ही जिंकून दिले. तेथून तो मॉस्कोच्या स्पार्टाकमध्ये गेला, आणि २००६ च्या जानेवारीत सुमारे सत्तर लाख पौंडांना मँचेस्टर युनायटेडने त्याला उचलले.

पहिले काही महिने मात्र हालाचे गेले. रशियातला हंगाम त्या काळी हिवाळ्याच्या तोंडी संपत असे, त्यामुळे अंगाला खेळाची सवय राहिली नव्हती. इंग्लंडमध्ये तर ऐन थंडीत फुटबॉल भरात आलेला असतो. भाषा परकी, खेळाचा वेग भयंकर. त्याच महिन्यात आलेला फ्रेंच खेळाडू पात्रिस एव्हरा हाही त्याच्यासारखाच चाचपडत होता. दोघांना आणण्यात व्यवस्थापक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांची चूक तर झाली नाही ना, अशी कुजबुज सुरू झाली. फर्ग्युसन यांनी घाई केली नाही, आणि त्या धीराचे व्याजासकट चीज झाले.

रिओ फर्डिनंड आणि विदिच ही जोडी जमली आणि युनायटेडचे दार पक्के बंद झाले. या जोडीचे मर्म समजायला फुटबॉलचे पंडित असण्याची गरज नाही. रात्री खुट्ट झाले की घरातला एक भाऊ काठी घेऊन तडक दाराशी जातो. दुसरा जागच्या जागी थांबून खिडक्यांवर नजर ठेवतो. दोघेही दाराकडे धावले तर घर उघडे पडते आणि दोघेही थांबले तर दार फुटते. विदिच हा काठी घेऊन जाणारा. चेंडू हवेतून आला की सर्वांत आधी उडी त्याची. समोर कोणाचे डोके आहे, कोणाचा बूट आहे, याचा विचार तो मागाहून करी. फर्डिनंड मागे राहून पुढला डाव वाचीत असे. एकाच्या धाडसाला दुसऱ्याच्या शहाणपणाची जोड मिळाली.

धाडसाची किंमतही मोजावी लागली. २००७ च्या मार्चमध्ये बोल्टनविरुद्ध गळपट्टीचे हाड मोडले. मे महिन्याच्या आरंभी तो पुन्हा मैदानात उतरला, तो थेट मिलानविरुद्धच्या युरोपीय उपान्त्य सामन्यात! तो सामना युनायटेडने तीन गोलांनी गमावला. पण इंग्लंडची साखळी त्या वर्षी जिंकली, पुढल्या वर्षी जिंकली आणि त्याच्या पुढल्या वर्षीही.

म्यूनिकची आठवण, मॉस्कोची रात्र

रेड स्टार आणि मँचेस्टर युनायटेड ही दोन नावे विदिचच्या आधीच एका दुःखाने जोडली गेली होती. १९५८ च्या फेब्रुवारीत युनायटेडचा तरुण संघ बेलग्रेडला रेड स्टारशी तीन-तीन अशी बरोबरी करून विमानाने परतत होता. वाटेत म्यूनिकला विमान उड्डाण करताना कोसळले. तेवीस माणसे दगावली; त्यांत आठ खेळाडू होते. रेड स्टारशी झालेला सामना हाच त्या पोरांचा अखेरचा सामना ठरला.

या घटनेला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या साली, २१ मे २००८ रोजी, मॉस्कोच्या लुझनिकी मैदानावर युनायटेड आणि चेल्सी युरोपच्या चषकासाठी भिडले. रेड स्टारमध्ये घडलेला विदिच त्या रात्री युनायटेडची बचावफळी सांभाळीत होता. मध्यरात्र उलटली, पाऊस पडू लागला, तरी एक-एक अशी बरोबरी सुटेना. जादा वेळेत चेल्सीच्या द्रोग्बाचे माथे भडकले, त्याने विदिचला चापट मारली आणि लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. मग पेनल्टी. शेवटची निर्णायक लाथ मारायला आलेला चेल्सीचा कप्तान जॉन टेरी हाही बचावपटूच. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला, चेंडू खांबाला लागून गेला आणि सहा विरुद्ध पाच असा चषक मँचेस्टरला आला. टेरीची ती घसरण वाचकांनी लक्षात ठेवावी.

पुढल्या हंगामात तर युनायटेडने साखळीतले लागोपाठ चौदा सामने एकही गोल न खाता काढले. गोलरक्षक व्हान डर सार १३११ मिनिटे अभेद्य राहिला. याच काळात संडरलंडविरुद्ध काही केल्या गोल होईना, तेव्हा अगदी शेवटच्या क्षणी पुढे धावून विदिचनेच तो केला! आणि हाच माणूस तीन महिन्यांनी, २००९ च्या मार्चमध्ये, लिव्हरपूलच्या तोरेसपुढे साफ गोंधळला. लाल कार्ड मिळाले, घरच्या मैदानावर चार-एक अशी हार झाली. चौदा सामन्यांची राखण एकीकडे आणि एका दुपारची चूक दुसरीकडे. लोकांच्या तोंडी बरेच दिवस राहिली ती चूकच. तरी त्या हंगामातला साखळीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून निवड झाली ती विदिचचीच. २०१०-११ मध्ये तोच मान पुन्हा मिळाला. त्या वर्षी तो कप्तान होता, आणि युनायटेडने एकोणिसाव्यांदा साखळी जिंकून लिव्हरपूलचा अठराचा विक्रम मोडला.

मायदेशाचे देणे

परदेशात एवढा मान मिळाला, पण देशाच्या सदऱ्यात दैवाने साथ दिली नाही. २००६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत विदिच, क्रस्ताइच, गाव्रान्चिच आणि द्रागुतिनोविच या चौघांच्या फळीने दहा सामन्यांत अवघा एक गोल होऊ दिला. मात्र प्रत्यक्ष स्पर्धेत पहिल्या सामन्यापुरती विदिचवर बंदी होती, आणि सरावात गुडघा दुखावल्यामुळे पुढले सामनेही हुकले. तो बाकावरही नाही आणि समोर अर्जेंटिना! सहा गोल झाले. स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच माँटेनेग्रो स्वतंत्र झाला होता. म्हणजे हा संघ जो देश उरलाच नव्हता त्याच्या नावाने हरत होता.

२०१० मध्ये त्यांनी जर्मनीला एका गोलाने हरविले. त्या सामन्यात विदिचचाच हात चेंडूला लागून पेनल्टी गेली होती. गोलरक्षक स्तोइकोविचने ती अडविली म्हणून लाज राहिली. पण घाना आणि ऑस्ट्रेलिया यांच्याशी हरल्यामुळे सर्बियाला परतावे लागले.

आणि मग ११ ऑक्टोबर २०११. स्लोव्हेनियातले मारिबोर. पुढे जायचे तर सर्बियाला विजय हवाच होता आणि स्लोव्हेनिया एका गोलाने पुढे होता. पेनल्टी मिळाली. गोल करणे हे ज्याचे काम नव्हते, तो विदिच पुढे आला. त्याने लाथ मारली, आणि हान्दानोविचने ती अडविली. सामना गेला, युरोपची स्पर्धा गेली. त्याच महिन्यात विदिचने देशाच्या संघातून निवृत्ती घेतली. सामने ५६, गोल २.

मॉस्कोला टेरी घसरला आणि विदिच विजयी झाला; मारिबोरला तीच पाळी विदिचवर आली. पण बाकीचे मागे असताना चेंडू हाती घेऊन पुढे येणे, हेही एक राखणच नव्हे काय?

दुःखे एकटी येत नाहीत. डिसेंबरात बाझेलला त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि सारा हंगाम गेला. तो परतला, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पुन्हा परतला, आणि २०१३ मध्ये पाचव्यांदा साखळी जिंकून फर्ग्युसन यांच्या अखेरच्या वर्षाला शोभा आणली. २०१४ मध्ये ३०० सामने आणि २१ गोल एवढी शिदोरी मागे ठेवून तो इटलीत इंटरकडे गेला. पण शरीराने साथ सोडली होती. जानेवारी २०१६ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याने बूट काढून ठेवले. पुढे २०२३ मध्ये सर्बियाच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षपदासाठी त्याने उमेदवारी जाहीर केली होती. परंतु शेवटी माघार घेतली.

दिवाळीच्या रात्री सारे घर फराळावर ताव मारून गप्पांत रंगलेले असते. तशात कोणीतरी हळूच उठून मागचे दार लावून येते. कोणाचे तिकडे लक्षही नसते. यंदा त्या माणसाला एक अनारसा जास्त द्या.