समुद्रपातळी आणि विस्थापन

संकल्पना
समुद्राची सरासरी पातळी कायमची उंचावल्यामुळे किनाऱ्यावरील वस्ती हलणे, म्हणजे समुद्रपातळीजन्य विस्थापन. किनाऱ्यापासून दूर असलेले कोल्हापूरलगतचे कळंबा गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तेथे समुद्र पोहोचणार नाही. मात्र पाण्यामुळे घर सोडावे लागण्याचा अनुभव या परिसराला 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी दिला. पंचगंगा नदीचा पूर ओसरतो आणि माणसे परततात. चढलेला समुद्र ओसरत नाही.

कारणे
तापलेले पाणी प्रसरण पावते आणि वितळलेल्या हिमाची समुद्रात भर पडते. 1901 ते 2018 या काळात जागतिक पातळी सुमारे 20 सेंटीमीटर वाढली. 2006 ते 2018 दरम्यान वाढीचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरवर गेला. वाढ अल्प दिसली तरी उधाणाची प्रत्येक भरती या उंचावलेल्या पातळीवर चढते.

खारबंदिस्ती
रायगडच्या खारेपाटात भातशेती उधाणाच्या पातळीपेक्षा सखल आहे. मातीचे बांध भरती अडवतात. बांधातील ‘उघाडी’ म्हणजे झडपेचे दार ओहोटीला उघडून पावसाचे पाणी खाडीत सोडते आणि भरतीला मिटते. समुद्र चढला की बांधावरील भार वाढतो आणि निचऱ्याचा अवधी घटतो. एकाच बदलाने यंत्रणेची दोन्ही अंगे दुबळी होतात.

विस्थापनाचा क्रम
बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते. क्षार धुऊन जाण्यास अनेक पावसाळे लागतात. पडीक जमिनीत कांदळवन वाढते. त्याच्या तोडीस बंदी असल्याने ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे कठीण होते. विहिरी मचूळ होतात, तरुण मजुरीसाठी शहर गाठतात. घर सर्वांत शेवटी सुटते. त्यामुळे ही हालचाल ‘रोजगारासाठीचे स्थलांतर’ म्हणून गणली जाते.

कायद्याची मर्यादा
महाराष्ट्राचा 1999 चा पुनर्वसन अधिनियम प्रकल्पबाधितांसाठी आहे. समुद्र हा प्रकल्प नव्हे. 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारातील व्याख्या छळाच्या भीतीवर आधारलेली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने मात्र 2021 ते 2026 या काळात धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी 1000 कोटी रुपयांची शिफारस केली.

उपाय
बांध उंचावणे आणि त्यांच्या समुद्राकडील बाजूस कांदळवन राखणे यांमुळे अवधी मिळतो. त्यापुढे स्थलांतरच उरते. ओडिशातील सातभाया येथील कुटुंबे 2018 मध्ये बागपतिया येथे हलवण्यात आली. कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीच्या पूरग्रस्तांना सोनतळीत भूखंड मिळाले. तरी शेती आणि गोठे जुन्या गावी असल्याने अनेक कुटुंबे तेथेच राहिली. घरासोबत उपजीविका हलली नाही, तर पुनर्वसन कागदावर राहते.