एका स्टेशनापुरती सीट

प्रोग्राम कंपाइल करायला टाकला आणि कर्सर नुसताच लुकलुकत बसला, तर दोष दर वेळी आपल्या कोडचा नसतो. कंपायलरचा रजिस्टर अ‍ॅलोकेटरही गोल गोल फिरू शकतो. कसा, ते आपल्या हार्बर लोकलवरून बघू.

रजिस्टर म्हणजे सीट, व्हेरिएबल म्हणजे प्रवासी. कुर्ल्याला बसलेला मानखुर्दला उतरला की तीच सीट वाशीवाल्याला मिळते. पण दोघांचा प्रवास एकाच वेळी चालू असेल तर सीटा दोन लागतात. १९८१ साली आयबीएममधल्या ग्रेगरी चायटिन आणि सहकाऱ्यांनी ही वाटणी ग्राफला रंग देऊन सोडवली.

नेहमीच्या एक्स८६-६४ प्रोसेसरमध्ये साधी रजिस्टर १६च, त्यातलं एक स्टॅकसाठी रिझर्व्ह! सीटा संपल्या की एकाला उभं करायचं, म्हणजे मेमरीत पाठवायचं. हाच स्पिल. मात्र त्याचं काम पडलं की त्याला गोवंडी ते मानखुर्द, एका स्टेशनापुरतं तरी बसवावंच लागतं. त्यासाठी नवा तात्पुरता प्रवासी तयार होतो आणि वाटणी पुन्हा पहिल्यापासून.

गोची इथेच आहे. अ‍ॅलोकेटरने ह्या एका स्टेशनवाल्यालाच उठवलं, तर त्याच्या जागी तस्साच दुसरा येतो. मग तिसरा. सीट रिकामी होत नाही, लूप संपत नाही.

उपाय सोपा आहे. तात्पुरत्याला उठवायची किंमत अनंत धरायची. उठवायचा तो लांब पल्ल्याचाच. असे प्रवासी मोजकेच, त्यामुळे फेऱ्या कधीतरी संपतात. जीसीसीमध्ये वाटणीच्या फेऱ्यांवर ३०ची मर्यादाही आहे. ती गाठली की तो एरर देऊन थांबतो. पण मर्यादा म्हणजे फक्त साखळी ओढणं. गाडी थांबते, बिघाड तसाच राहतो. म्हणून लूप अडकला की आधी विचारा: प्रत्येक फेरीत नक्की काय कमी होतंय?