पानाची शीर टिपणारे क्ष-किरण

हाडाच्या फोटोचे क्ष-किरण झाडाच्या पानातून आरपार निघून जातात. फिल्मवर शिरा जेमतेम उमटतात. तिथे मृदू किरण हवेत, म्हणजे क्ष-किरण नळीला साधारण 10 ते 30 किलोव्होल्ट. पण असले किरण बरेचसे नळीच्या काचेतच शोषले जातात, म्हणून खिडकी बेरिलियमच्या पातळ पत्र्याची.

काही यंत्रे हे किरण सलग न सोडता क्षणिक स्पंदांत सोडतात. अशा स्पंदित यंत्रात बहुधा एर्विन मार्क्स यांची 1920च्या दशकातली युक्ती वापरतात: कपॅसिटर समांतर जोडून चार्ज करायचे आणि ठिणग्यांच्या वाटेने एकसर जोडून रिकामे करायचे. व्होल्टेज कित्येक पट होते. स्पंद नॅनोसेकंदांचा, त्यात किरण थोडेच. स्पष्ट चित्रासाठी स्पंदांची माळच लागते. खरी डोकेदुखी इथे आहे. ठिणगीच्या फटीतला वायू पुन्हा विद्युतरोधक व्हायला वेळ घेतो. घाई केली की पुढची ठिणगी कपॅसिटर पुरते भरण्याआधीच पडते. त्यात नळीतला लक्ष्यधातू, म्हणजे ज्यावर इलेक्ट्रॉन आदळून क्ष-किरण निघतात तो, तापत जातो.