हवेतून निघणारा लेसर

ध्रुवीय प्रकाशाची जांभळी-निळी किनार ही नायट्रोजनच्या आयनांची करामत. अवकाशातून येणारे वेगवान इलेक्ट्रॉन वरच्या हवेतल्या नायट्रोजन रेणूंवर आदळतात, रेणूतला एखादा इलेक्ट्रॉन उडवतात आणि उरलेला आयन ३९१ किंवा ४२८ नॅनोमीटरचा प्रकाश सोडतो. नेमक्या याच दोन रंगांचा लेसर आता प्रयोगशाळेत साध्या हवेतून काढता येतो. त्याला ना आरसे लागतात, ना वायू भरलेली नळी.

लागतो तो एक अतिलघु स्पंद. टायटेनियम-सफायर लेसरचा ८०० नॅनोमीटरचा, जेमतेम ४० फेम्टोसेकंदांचा स्पंद भिंगाने हवेत एकवटतात. तेवढ्या वेळात प्रकाश फक्त १२ मायक्रोमीटर जातो. केसाची जाडीही यापेक्षा जास्त असते. एकवटलेल्या जागी तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १०० लाख कोटी वॅटच्या घरात पोहोचते आणि तिथले विद्युतक्षेत्र रेणूतला इलेक्ट्रॉन अक्षरशः ओढून काढते. असे स्पंद बनवण्याची वाट ज्या तंत्राने मोकळी केली, त्यासाठी डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांना २०१८चे नोबेल मिळाले.

२०११मध्ये शांघायच्या संशोधकांनी अवरक्त स्पंदांची तरंगलांबी बदलत नायट्रोजन आयनांकडून वेगवेगळ्या रंगांचा लेसर मिळवला. आयनांमागोमाग ३९१ नॅनोमीटरचा क्षीण ‘बीज’ स्पंद सोडला, तर तो कित्येक पटींनी वाढतो. वाढलेला प्रकाश बीज पुढे निघून गेल्यावर, काही पिकोसेकंदांनी बाहेर पडतो.

इथेच खरे कोडे आहे. लेसरसाठी वरच्या ऊर्जापातळीवर खालच्यापेक्षा जास्त आयन हवेत. पण प्रबळ क्षेत्र सहसा रेणूतला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन ओढते, म्हणजे बहुतेक आयन तळच्या पातळीवरच जन्माला यायला हवेत. मग वरची पातळी भरते कशी?

२०१५मध्ये चीन-जपानच्या संशोधकांनी दिलेले उत्तर मोठे देखणे आहे. तळ आणि वरची पातळी यांच्यामध्ये आयनाची आणखी एक पातळी असते. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश तळ व मधली पातळी यांच्यातल्या अंतराशी जवळपास जुळतो. इलेक्ट्रॉन निघाल्यावर स्पंदाचे जे शेपूट उरते, तेच तळावरचे आयन मधल्या पातळीवर उचलते. तळ रिकामा होतो, आणि वर थोडेच आयन असले तरी पारडे फिरते. हे सारे १० फेम्टोसेकंदांच्या आत! फ्रान्समधल्या एका गटाने त्याच वर्षी वेगळा तर्क मांडला: बाहेर ओढलेला इलेक्ट्रॉन उलट्या क्षेत्रामुळे परत येऊन स्वतःच्याच आयनावर आदळतो आणि त्याला वर ढकलतो. वाद त्यानंतरही चालू राहिला.

आयनांच्या या लेसर प्रकाशाच्या मदतीने हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर हेक्साफ्लोराइड ओळखून दाखवण्यात आले आहेत. दूरच्या धुराड्यावरचा वायू जमिनीवरून तपासायचा, तर मात्र लेसर मागे, उपकरणाकडे यायला हवा. नायट्रोजन आयनांचा प्रकाश मुख्यतः स्पंदाच्याच दिशेने पुढे जातो. २०११मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने ऑक्सिजन अणूंपासून मागे येणारा लेसर मिळवला खरा, पण त्यासाठी २२६ नॅनोमीटरचा अतिनील स्पंद लागतो, आणि तो हवेत फार दूरवर टिकत नाही.