हरलेल्या पोराशी कसे वागावे?

खेळ म्हटला की हारजीत आलीच, असे आपण सहज बोलून जातो. पण बारा-तेरा वर्षांच्या पोराला या वाक्याचा फारसा आधार वाटत नाही. कबड्डीत पराभव सात जणांत वाटला जातो. कुस्तीत मात्र तो एकट्याच्या पाठीला माती लावतो आणि तीही साऱ्या गावादेखत.

आपल्या जळगाव-धुळे भागात यात्रेच्या दंगलीची सुरुवात पोरासोरांच्या रेवड्या-नारळाच्या कुस्त्यांनी होते. माझा धाकटा भाऊ तालमीत जातो. मागच्या यात्रेत तो पडला, तेव्हा ‘गावाचं नाक कापलं’ असे कुणीतरी ओरडले. त्यानंतर आठ दिवस तो तालमीकडे फिरकला नाही. पडण्यापेक्षा तो शब्दच त्याला अधिक लागला होता. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. माझ्या निकालाकडेही सारी भावकी डोळे लावून असते. त्यामुळे हे ओझे मी जाणतो.

वस्तादांनी त्याला कसे सावरले, ते सांगण्यासारखे आहे. आखाड्यात त्यांनी उपदेश केला नाही. त्याला रडू दिले. मात्र जिंकणाऱ्याच्या हातात हात देऊनच बाहेर येऊ दिले. मग निरोप धाडला, “पडना ते पडना, सकाय ये.” तो आल्यावर ‘का हरलास?’ असे न विचारता ‘कोणत्या डावाला पडलास?’ असे विचारले. पहिल्या प्रश्नाने मूल खाली मान घालते, दुसऱ्याने ते आठवू लागते. भाऊ पटाला पडला होता. पुढचा महिनाभर त्याच्या जोडीच्या मुलाकडून रोज पट काढवून घेतला आणि तो तोडण्याचा सराव झाला. अशा रीतीने पराभवाचे रूपांतर एका निश्चित कामात झाले.

खाशाबा जाधवांचे उदाहरण याच जातीचे आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला मॅट व तिचे नियम नवखे होते. मातीत चीतपट झाली की निकाल लागतो. मॅटवर गुण मोजले जातात. नेमकी उणीव कळल्यावर त्यांनी तयारी केली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विशेष म्हणजे त्या स्पर्धेतही त्यांनी काही कुस्त्या गमावल्या होत्या.

चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी २०१४ ते २०१६ असे लागोपाठ तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. आमच्या पोरांना त्यांची गदा ठाऊक आहे. पण कोणताही मल्ल सरावात रोज पडतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. ते सांगणे वडीलधाऱ्यांचे काम आहे. निदान पुढच्या यात्रेत आखाड्याभोवती बसणाऱ्यांनी आपली जीभ आवरली, तरी एखादे पोर दुसऱ्या दिवशी तालमीत परत येईल.